सुगंधी तेलाची भट्टी : वाचकांचे प्रश्न

सुगंधी वनस्पतींचे तेल काढण्याच्या नव्या पद्धतींबद्दल या वेळी बरीच पत्रे आली आहेत. बहुतेक आपल्या मराठवाड्यातूनच. मी पूर्वी रसायनशास्त्र शिकवत होते आणि आता उदगीरकडच्या एका शेतकरी गटाची तेलाची भट्टी सांभाळते, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे दिली. काही प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या गटाकडे दहा एकर गवती चहा आहे. वाफेच्या साध्या टाकीवर तेल काढतो. एक विक्रेता म्हणतो, वाफेचा काळ संपला, 'सुपरक्रिटिकल सीओटू' यंत्र घ्या, तेल दुप्पट निघेल. कर्ज काढून घ्यावे का?
– एक शेतकरी, औसा

उत्तर : दादा, गवती चहासाठी घेऊ नका. इतका सरळ नकार दिला म्हणजे कारणेही पूर्ण द्यायला हवीत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

पात्यात तेल किती, हे जात, जमीन, पाणी आणि कापणीची वेळ ठरवते. ताज्या गवताच्या एका टनामागे साधारण ५ ते ७ किलो धरा. यंत्र त्यात भर घालत नाही. असलेले तेल बाहेर किती येते, एवढेच त्याच्या हातात असते, आणि नीट चालवलेली वाफेची टाकी त्यातले बहुतेक तेल काढून देते. मग दुप्पट आले कुठून? विक्रेत्याने दाखवलेले वजन खरे असू शकते, पण ते सगळे तेल नसते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच विक्रेत्याचा 'सीओटू', पात्यावरचे मेणही ओढून आणतो, दाब आणखी वाढवला की जड, चिकट द्रव्ये आणि रंगही येतात. तुमचा खरेदीदार मात्र सिट्रल, म्हणजे लिंबासारख्या वासाचे द्रव्य, बघून भाव करतो. गवती चहाच्या तेलात ते ७० ते ८५ टक्के असते. त्यापासून कारखाने पुढे आयोनोन ही वासाची द्रव्ये बनवतात, जीवनसत्त्व अ बनवतात. मेण त्यांना नको असते. ते काढून टाकायचा खर्च ते तुमच्याच भावातून कापतील.

आता त्या यंत्रात काय घडते ते बघा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार दाब यांच्या वर नेला की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा तो बारीकसारीक फटींत शिरतो, द्रवासारखा तेल विरघळवतो. दाब सोडला की पुन्हा वायू होऊन निघून जातो आणि अर्क खाली उरतो, द्रावकाचा मागमूस न ठेवता. मोटारीच्या चाकात जेमतेम अडीच बार हवा असते, त्यावरून ७४ बार म्हणजे काय ते ओळखा. प्रत्यक्ष काम १०० ते ३०० बारवर चालते. म्हणून भांडे जाड पोलादाचे, महागडे आणि लहान.

यातली ३१ अंशांची मर्यादा आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवून दिले की या तापमानाच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असतात. वायू पुन्हा द्रव करून पंपाने फिरवायचा, तर गार करणारी यंत्रणा हवी आणि वीज अखंड हवी. पाळीपाळीने येणाऱ्या शिवारातल्या विजेवर हा कारखाना चालत नाही.

शिवाय ताजे गवत त्यात घालता येत नाही. ओल्या पाल्यात चारातले तीन हिस्से पाणी. तो वाळवा, दळा, मग त्या लहान भांड्यात भरा. वाळवण्यात आणि दळण्यात तेल उडते ते वेगळेच. दहा एकरांची कापणी अंगावर आली की टनावारी गवत त्या भांड्यातून कधी संपायचे?

तंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. मला ते फार आवडते. जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी १९६० च्या दशकात याच वायूने कॉफीतले कॅफीन काढता येते हे ओळखले आणि त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. आल्याचे उदाहरण घ्या. आल्याचा तिखटपणा ज्या जिंजरॉलमुळे आहे ते वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे वाफेच्या आल्याच्या तेलाला वास असतो, तिखटपणा नसतो. कार्बन डायऑक्साइडने दोन्ही मिळतात. अशा मालाला यंत्राचा खर्च पेलतो. गवती चहा, सिट्रोनेला, रोशा, जिरेनियम यांच्यातली वासाची द्रव्ये वाफेवर सहज स्वार होतात. सिट्रल एकटे उकळायला २२९ अंश लागतात. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, दोघांच्या वाफेचे दाब एकमेकांत मिळतात आणि जोडी १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते. इतकी स्वस्त सोय निसर्गाने दिलेली असताना कर्ज कशाला?

तेल वाढवायचे असेल तर तुमच्या सध्याच्या टाकीजवळ सकाळपासून थांबून बघा. गवत सगळीकडे सारखे दाबले आहे का? एका बाजूला सैल राहिले की वाफ तीच वाट धरते आणि बाकीचे गवत तेलासकट तसेच उरते. माझ्या पाहण्यातली सर्वांत मोठी गळती हीच. गवत कापून सावलीत काही तास सुकवले तर टाकीत जास्त मावते आणि जळण वाचते, पण ढीग करून ठेवले की आतून तापते आणि तेल बिघडते. टाकीच्या तळाचे पाणी आटून पाला जाळीला लागला, तर साऱ्या तेलाला करपट वास येतो. टाकी लोखंडाची असेल तर गंजाने रंग काळपटतो; स्टेनलेस स्टील घ्या, पैसे इथे घाला. वाफ एकदम जोरात सोडू नका. कंडेन्सरमधून (वाफ गार करून तिचे पाणी करणाऱ्या भागातून) तेलाबरोबर बाहेर पडणारे पाणी हाताला कोमट लागायला हवे. चटका बसत असेल तर तेल हवेत चालले आहे असे समजा.

आणि वेळ. गवती चहाचे बरेचसे तेल पहिल्या तासाभरातच उतरते, दोन-अडीच तासांत काम होते. आमच्या भट्टीवरचे काका नळीच्या तोंडाशी हात धरून वास घेतात आणि म्हणतात, "म्याडम, आता नुस्ता पाण्याचा वास येलालाय," की आम्ही जाळ ओढतो. नंतरची वाफ म्हणजे फुकटचे जळण. वाळ्याच्या मुळांचे गणित मात्र निराळे आहे. त्यातली द्रव्ये जड असतात, एकेक टाकी पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त चालवावी लागते. औशाचा हिशोब वाळ्याला लावू नका.

प्रश्न : भट्टीला पाणी किती लागते? आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो.
– वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : हा प्रश्न यंत्र घेण्याआधी विचारलात, याचे मला फार समाधान वाटले. यंत्र विकणारे पाण्याबद्दल बोलत नाहीत, आणि मराठवाड्यात भट्ट्या बंद पडतात त्या पाण्यावाचूनच.

हिशोब साधा आहे. १ किलो वाफेचे पाणी करून ते ४० अंशांपर्यंत गार करायचे, तर सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. कंडेन्सर गार ठेवणारे पाणी ३० अंशांचे आत आणि ६० अंशांचे बाहेर असे धरले, तर १ लिटर पाणी ३० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे १ किलो वाफेमागे २० लिटर. तासाला १०० किलो वाफ वापरणारी भट्टी तासाला २,००० लिटर गरम पाणी बाहेर फेकते. हे पाणी ओढ्यात सोडणे म्हणजे गावाच्या तोंडचे पाणी पळवणे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस आपण पाहिले आहेत.

उपाय आहे आणि तो महागही नाही. तेच पाणी कूलिंग टॉवरवरून पाडून पुन्हा फिरवायचे. पडताना त्यातला थोडा भाग हवेत उडतो आणि उरलेले गार होते. उडणारे पाणी जवळपास वाफेइतकेच, म्हणजे तासाला शंभरेक लिटर. दोन हजारांऐवजी शंभर! आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे ही पद्धत आपल्याकडे कोकणापेक्षा सरस चालते. टॉवर घ्यायला पैसे नसतील तर उंचावर टाकी बांधून फवाऱ्याने हौदात पाडा, कामचलाऊ होते. रात्रीची भट्टी लावली तर पाणी आणखी गार मिळते.

बोअरचे पाणी क्षारांचे असते, हे विसरू नका. बॉयलरमध्ये ते सरळ घातले तर पापुद्रा धरतो, जळण जास्त जळते आणि पत्रा तापून धोका होतो. बॉयलरसाठी पावसाचे साठवलेले किंवा सॉफ्टनरमधून काढलेले पाणी वापरा. बॉयलर नियमात बसतो का, त्याची नोंद लागते का, हे विकत घेण्याआधी बॉयलर निरीक्षकांच्या कार्यालयात विचारून घ्या.

जळणाची आपल्याला ददात नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, आणि तेल काढून झालेले वाळलेले गवतच पुढच्या खेपेला जाळता येते.

प्रश्न : आमच्याकडे मोगरा आणि निशिगंध आहे. भाव पडला की फुले उकिरड्यावर जातात. प्रेशर कुकरला नळी जोडून तेल काढून पाहिले, पण तेलही निघाले नाही आणि जो वास आला तो शिजलेल्या पाल्याचा. काय चुकते?
– एक ताई, अर्धापूर (जि. नांदेड)

उत्तर : ताई, तुमचे काही चुकलेले नाही. ही फुलेच वाफेची नाहीत. मोगरा, जाई, निशिगंध यांचा वास फार नाजूक, तेल अगदी अत्यल्प आणि उकळत्या पाण्यात त्याचा चेहरामोहराच बदलतो. शिवाय ही फुले खुडल्यावरही काही तास वास तयार करत राहतात. उकळत्या पाण्यात टाकली की ते काम जागच्या जागी थांबते.

फ्रान्समधल्या ग्रास गावाने यासाठी जुन्या काळी चरबीचा उपाय शोधला होता. काचेवर वास नसलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुले पसरायची, दुसऱ्या दिवशी ती काढून नवी मांडायची. चरबी वास पिऊन घेते, मग अल्कोहोलने तो वास चरबीतून धुऊन काढायचा. ही रीत आता जवळपास संपली, कारण मजुरी परवडत नाही. तिची जागा हेक्झेनने घेतली. फुले या द्रावकात बुडवतात, द्रावक उडवून देतात, मागे मेणासारखा गोळा उरतो, त्याला काँक्रीट म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये घोळून, गार करून, मेण गाळून काढले की उरते ते ॲब्सोल्यूट. निशिगंधाच्या १,००० किलो फुलांतून काँक्रीट साधारण किलोभरच मिळते.

लातूरच्या सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटांत हेच हेक्झेन फिरते, त्यामुळे आपल्या भागाला त्याचे नाव नवे नाही. पण ते तुम्ही घरी आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ते ६९ अंशांनाच उकळते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या चुलीवर पेटते. रोज श्वासात गेले तर हातापायांचे मज्जातंतू निकामी करते. प्लांटमध्ये त्यासाठी बंद यंत्रणा, ठिणगी न पडणारी वीजजोडणी आणि शिकलेली माणसे असतात.

मग तुम्ही काय करायचे? निशिगंधासाठी माझ्याकडे घरगुती उत्तर नाही. फुले एकट्याने नव्हे तर दहा-पंधरा जणींनी मिळून काँक्रीट करणाऱ्या कारखान्याला ठरावीक भावाने द्यायचा करार करता येतो का, ते बघा. मोगऱ्याला कन्नौजची एक जुनी वाट आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी मंद आचेवर ठेवतात, बांबूच्या नळीने वाफ भपक्यात (ती गार होऊन साठते त्या भांड्यात) नेतात आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल ठेवलेले असते. एरवी उडून जाणारा वास चंदन धरून ठेवते. आता चंदन परवडत नाही म्हणून स्वस्त अत्तरांत द्रव पॅराफिन घालतात, आणि मग ते अत्तर म्हणण्यासारखे राहत नाही, असे मला मनापासून वाटते.

देशी गुलाब असेल तर मात्र तुमचा कुकर कामाचा. गुलाबाचे तेल १ किलो मिळायला ३ ते ५ टन पाकळ्या लागतात, त्याच्या मागे लागू नका. गुलाबाचा गोडवा ज्या फेनिलइथाइल अल्कोहोलमध्ये आहे ते पाण्यात विरघळते, म्हणून गुलाबपाणीच इतके सुरेख होते. स्वच्छ भांडे, पहाटे खुडलेली फुले, मंद जाळ, आणि पहिले पाणी वेगळे ठेवायचे.

प्रश्न : वसमतच्या हळदीला नाव आहे. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राने हळदीतून तेल आणि कुरकुमीन दोन्ही काढता येईल का?
– हळद उत्पादक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : तेल येईल, कुरकुमीन (हळदीचे पिवळे द्रव्य) जवळजवळ येणार नाही. हा वायू तेलकट द्रव्ये विरघळवतो आणि कुरकुमीन त्या जातीचे नाही. त्यासोबत थोडे इथेनॉल सोडले तर काही येते, पण मग नुसता वायू वापरण्याचा फायदाच गेला. कुरकुमीन काढणारे कारखाने द्रावकाने आधी गडद ओलिओरेझिन (तेल आणि राळ यांचा घट्ट अर्क) काढतात आणि त्यातून कुरकुमीनचे स्फटिक वेगळे करतात. मागे जे तेल उरते त्यालाही गिऱ्हाईक असते.

माझे लक्ष मात्र तुमच्या पाल्याकडे जाते. हळद काढताना कापलेला पाला शेतात पडून राहतो. त्यात तेल असते, वास कंदापेक्षा वेगळा, हिरवट आणि ताजा, कारण त्यात फेलँड्रिन हे वासाचे द्रव्य जास्त असते. ते साध्या वाफेवर निघते. गटात एखादी गवती चहाची टाकी असेल तर हंगामात ती याच कामाला लावा, पाला पिवळा पडून वाळण्याआधी. आधी एकच टाकी काढा, नमुना दोन-तीन खरेदीदारांना दाखवा आणि मगच पुढचे ठरवा.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंडने तेल काढायचे आहे. दोन्ही पद्धतींनी काढलेल्या तेलाची घडण क्लेव्हेंजरच्या तेलाहून वेगळी का येते? मग खरे तेल कोणते?
– विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शेवटचे वाक्य वाचून मला आनंद झाला, कारण नेमके तिथेच या विषयाचे मर्म आहे.

क्लेव्हेंजर यांनी १९२८ मध्ये ते काचेचे उपकरण दिले, त्यात पाला पाण्यात तासन्‌तास उकळतो. एवढ्या वेळात काही एस्टर पाण्याने तुटतात, काही द्रव्यांची रचना बदलते. मायक्रोवेव्हमध्ये पानाच्या आतले पाणीच तापते, तेलाच्या पिशव्या आतून फुटतात आणि बाहेरून पाणी न घालताही अर्ध्या तासात तेल येते. फ्रान्समध्ये शेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ही द्रावकाविना पद्धत पुढे आणली. वेळ कमी म्हणून मोडतोड कमी. ऑक्सिजनयुक्त, वासाला गोड असणारी द्रव्ये त्यात अनेकदा जास्त सापडतात. अल्ट्रासाउंड हे तेल काढत नाही, ते पेशी फोडते. २० किलोहर्ट्‌झच्या लहरींनी द्रवात बुडबुडे होतात, ते फुटताना पेशींच्या भिंतींना तडे जातात. त्यानंतर ऊर्ध्वपातन करावेच लागते, फक्त ते लवकर आटोपते.

खरे कोणते? कॅमोमाइल या औषधी फुलाचे तेल निळे असते हे तू वाचले असशील. तो निळा रंग फुलात नसतोच. फुलात मॅट्रिसिन असते, बिनरंगी. वाफेच्या उष्णतेत त्याचे कॅमाझुलिन होते आणि तेल निळे उतरते. कार्बन डायऑक्साइडने थंडपणे काढलेल्या अर्कात तो निळेपणा नसतो. आता बाजार शेकडो वर्षे निळ्या तेलालाच ओळखतो, त्याच्या उपयोगाचा अनुभवही त्याच तेलाचा आहे. तेव्हा तुझ्या प्रबंधात "खरे" असा शब्द न लिहिता, कोणत्या पद्धतीने काय मिळाले एवढेच लिही.

काही सूचना. घरचा मायक्रोवेव्ह भोक पाडून वापरू नकोस आणि त्यात कोणतेही द्रावक ठेवू नकोस; प्रयोगशाळेसाठी वेगळे ओव्हन असते. दोन्ही पद्धतींना एकाच दिवशी कापलेला, एकाच शेतातला पाला घे आणि ओलावा मोजून तेलाचे प्रमाण कोरड्या वजनावर सांग. हे न केल्यामुळे कित्येक प्रकल्पांतले आकडे निरुपयोगी होतात. आणि ओवा घेऊन बघ. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असते, गार झाल्यावर त्याचे स्फटिक पडतात, तीच आपल्या आजीच्या बटव्यातली ओव्याची फुले. वाळलेल्या दाण्यात पाणी नसल्याने मायक्रोवेव्हसाठी तो आधी भिजवावा लागतो. किती वेळ भिजवला की किती तेल येते, एवढा एकच प्रश्न नीट सोडवलास तरी चांगला प्रकल्प होईल. पुढे कोणी विचारले की हे टनावारी का होत नाही, तर सांग: या लहरी ओल्या पाल्यात काही सेंटिमीटरच आत शिरतात.

प्रश्न : शुद्ध निलगिरीचे तेल दोन थेंब पाण्यातून दोन वर्षांच्या मुलाला सर्दीसाठी द्यावे, असे एका विक्रेत्याने सांगितले. नव्या पद्धतीने काढलेले असल्याने त्रास होत नाही म्हणे.
– एक आई, परतूर (जि. जालना)

उत्तर : देऊ नका. पाण्यातून नाही, मधातून नाही, नाकाखाली चोळूनही नाही. निलगिरी आणि कापूर यांचे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. तेल कोणत्याही यंत्राने काढलेले असो, त्यातले सिनिओल हे मुख्य द्रव्य तेच असते; तेल जितके शुद्ध तितके ते जहाल. बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. चुकून प्यायले तर उलटी करायला लावू नका, तेल फुप्फुसात जाते. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. सर्दीसाठीही डॉक्टरांनाच दाखवा.

प्रश्न : आम्ही पाठवलेले जिरेनियमचे तेल "भेसळ आहे" म्हणून परत आले. आम्ही काहीच मिसळले नव्हते. आपली बाजू कशी मांडायची?
– शेतकरी गट, निलंगा (जि. लातूर)

उत्तर : तुमचा त्रास मी समजू शकते. एक टन पाल्यातून जेमतेम किलोभर तेल, आणि तेही परत.

सुगंधी तेलाच्या बाजारात संशय जुना आहे आणि त्याला कारणही आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडकडचे रोशा गवताचे तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. दोन्हींत जिरॅनिऑल हे वासाचे द्रव्य असल्याने नाकाला सापडत नसे. तुमच्या जिरेनियमलाही तोच धोका आहे: सिट्रोनेला आणि रोशा यांच्यातली मुख्य द्रव्ये जिरेनियममध्येही आहेत. नाक फसते, पण गॅस क्रोमॅटोग्राफ फसत नाही. त्यात तेलाचे घटक एकामागून एक सुटे होऊन बाहेर येतात आणि प्रत्येकाचे प्रमाण कागदावर उमटते. खरेदीदाराने "भेसळ" म्हटले तर तो आलेख मागा. तुमच्या तेलाचा एक आलेख स्वतंत्रपणे काढून घ्या. लखनौची सीमॅप ही औषधी-सुगंधी वनस्पतींची सरकारी संशोधन संस्था आणि कन्नौजचे सुगंध केंद्र अशी तपासणी करतात.

मात्र भट्टीकडेही बघा. गवती चहा काढलेल्या टाकीत न धुता जिरेनियम घातले असेल, तर आलेखात सिट्रल दिसणारच आणि खरेदीदाराचा संशय रास्त ठरणार. पीक बदलताना रिकामी टाकी, कंडेन्सर, तेल आणि पाणी वेगळे करणारा सेपरेटर, सगळ्यांतून तासभर नुसती वाफ सोडा, नंतर धुवा. पाला कापून रात्रभर पोत्यात ठेवला होता का, तेही तपासा. जिरेनियमचा पाला लवकर तापतो. काळ्या जमिनीत पाणी साचून मर लागलेली रोपे पाल्यात आली असतील, तर ती निवडून बाजूला काढायला हवी होती.

तेल उतरल्यावर त्यात पाण्याचा थेंब राहू देऊ नका. निर्जल सोडियम सल्फेट घालून गाळून घ्या. ॲल्युमिनियमच्या आतून लेप दिलेल्या बाटल्या गळ्यापर्यंत भरा, कारण बाटलीत उरलेली हवाच तेल जुने करते. पारदर्शक प्लॅस्टिक वापरू नका. प्रत्येक बॅचवर तारीख, शेत आणि कापणीची वेळ लिहा. दर बॅचचा छोटा नमुना खरेदीदाराच्या माणसासमोर सीलबंद करा, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तुमची बाटली फोडू नका.